पाणी दिलेले पोलाद आणि तार

पोलाद तापवून द्रवात बुडविण्याच्या आणि त्यायोगे त्यास कठीण करण्याच्या क्रियेला आपल्याकडे 'पाणी देणे' असे म्हणतात; आणि तलवारीचे पाणी, माणसाचे पाणी, पाणीदार घोडा, पाणीदार डोळा असा त्या शब्दाचा विस्तार पुढे भाषेत झाला असला, तरी त्याचे मूळ लोहारसाळेतील त्या चुरचुरत्या दोणीत असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या टूलरूममध्ये आज कोणी दोणी ठेवीत नाही. काम 'हार्डनिंगला' पाठविले जाते, तेथे ते भट्टीत तापून तेलात किंवा हवेत निवते, आणि परत येते तेव्हा त्याच्यासोबत कठीणपणाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी असते. परंतु वयस्क फिटर अजूनही सहज विचारून जातो, 'पाणी दिलंय का रे याला?' या एका प्रश्नाभोवती हत्यारे घडविणाऱ्यांचा सारा धंदा कित्येक पिढ्या फिरत राहिला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोऱ्यासारख्या बारीक अशा एका पितळी तारेने तो प्रश्न विचारण्याची वेळच बदलून टाकली. तो बदल कसा घडला, याची ही हकीकत आहे.

पत्र्यातून एखादा आकार कापून काढावयाचा, तर खाली त्या आकाराचे भोक असलेला डाय आणि वर त्याच आकाराचा पंच असे जोडसाधन लागते. विजेच्या मोटारीतील पत्र्याच्या चकत्या घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याला पंच आणि डाय यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस सुमारे पंचवीस सहस्रांश मिलिमीटर इतकीच मोकळीक लागते; ती कमीअधिक झाली, की कडेला बूर येते, किंवा पंचाचा कोपरा उडतो, आणि प्रेसवरचा माणूस टूलरूमच्या नावाने खडे फोडू लागतो. असा डाय जुन्या काळी कसा होई? ठोकळ्याच्या पाठीवर निळा रंग चढवून त्यावर आखणीच्या सुईने आकार कोरला जाई. रेषेच्या आतल्या बाजूने एकमेकांस खेटून भोके पाडली जात. मधला गाभा छिन्नीने उडवून दिला जाई. आणि मग कानस सुरू होई. एकेका कोपऱ्यासाठी वेगळी कानस असे, चौकोनी, त्रिकोणी, गोल, सुरीच्या पात्यासारखी. आणि कारागीर खिडकीपाशी उभा राहून, पंचाला निळा लेप लावून तो डायमध्ये घालून पाही, जेथे निळे डाग उमटतील तेथे दोन हात मारी, पुन्हा घालून पाही. असे चार चार दिवस चाले. हे सारे काम पोलाद मऊ असतानाच उरकावे लागे, कारण पाणी दिलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते.

आणि खरा घात त्यानंतरच होई. एवढ्या निगुतीने घडविलेला जिन्नस भट्टीत जाऊन बाहेर येई तो किंचित फुगलेला, किंचित वाकलेला. पाणी देताना पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि त्याबरोबर आकारमानही बदलते. शंभर मिलिमीटर लांबीमागे काही शतांश मिलिमीटरांचा हा फरक इतर व्यवहारात कोणी विचारातही घेणार नाही, परंतु जेथे मोकळीकच पंचवीस सहस्रांशांची, तेथे तो संपूर्ण कामाची माती करावयास पुरेसा होतो. या भयाची साक्ष पोलादाच्या नावातच आहे: आपल्या बाजारात 'ओएचएनएस' म्हणून जे पोलाद मिळते, त्या चार अक्षरांत 'तेलात कठीण होणारे आणि न आकसणारे' असे आश्वासन दडलेले आहे. ते पूर्णतः खरे ठरत नाही, हे वापरणारा प्रत्येक जण जाणतो, आणि तरी तेच नाव घेऊन ते विकत आणतो.

या अडचणीवर युरोपातील कारागिरांनी जी तोड काढली ती चातुर्याची होती, पण खर्चाची. डाय अखंड न करता त्याचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यास आधी पाणी द्यावयाचे, मग ग्राइंडरच्या चाकाला बाहेरून पोहोचता येईल अशा रीतीने एकेक पृष्ठ घासावयाचे, आणि शेवटी सारे तुकडे एका चौकटीत कोड्यासारखे घट्ट बसवावयाचे. त्यात भर पडली ती पोलादाहूनही कठीण अशा कार्बाइडची: जर्मनीतील क्रुप कंपनीने 1926 च्या सुमारास टंगस्टन कार्बाइड बाजारात आणले आणि 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्यास विडिया हे नाव दिले. आपल्याकडे त्या कंपनीचा पत्ता नसलेला लेथवालाही कार्बाइडला सर्रास 'विडिया'च म्हणतो. या कार्बाइडचा डाय करावयाचा तर हिऱ्याच्या चाकावाचून गत्यंतर नव्हते, आणि तुकड्यांवाचूनही नव्हते. त्यामुळे असे डाय करणारी घराणी थोडी, त्यांचे दर भारी आणि मुदती लांबलचक. एखाद्या कारखानदाराने नवा पंखा बाजारात आणण्याचा बेत केला, तर त्याच्या खतावणीत सर्वांत मोठा आणि सर्वांत अनिश्चित आकडा या टूलचाच असे.

कठीणपणाची मुळीच पर्वा न करणारे हत्यार हवे होते; आणि ते निसर्गात आधीपासून होते. प्राणवायूच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे, त्या जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेची ठिणगी धातूवर पाडून पाहिली, तेव्हा पृष्ठभागावर रंगीत वलये आणि सूक्ष्म खळगे उमटलेले त्यास दिसले. त्याने ते नोंदवून ठेवले. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ही ठिणगी कारखानदारीच्या दप्तरात उपद्रव म्हणूनच नोंदली गेली: ती स्विच जाळी, संपर्कबिंदू कुरतडी आणि यंत्रे बंद पाडी.

या उपद्रवाचाच बंदोबस्त करण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत मॉस्को येथे बोरीस लाझारेंको आणि नतालिया लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याकडे आले होते. एंजिनातील प्रज्वलन-यंत्रणेचे टंगस्टनचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजून जात, रणगाडे आणि वाहने त्यापायी नादुरुस्त होत, आणि टंगस्टन तर युद्धकाळात अत्यंत दुर्मिळ. दोघांनी नाना उपाय करून पाहिले. त्यांतला एक उपाय असा, की संपर्कबिंदूच तेलात बुडवून ठेवावेत, म्हणजे ठिणगीस आळा बसेल. आळा बसला नाही. परंतु हवेत अस्ताव्यस्त होणारे क्षरण तेलात विलक्षण नियमित होते, खळगे एकसारखे पडतात, उडालेला कण तेलातच गोठून खाली बसतो, आणि विद्युत्‌प्रवाहाची मात्रा बदलली की खळग्याचे आकारमानही त्या प्रमाणात बदलते, हे त्यांच्या ध्यानात आले. सोपविलेले काम फसले होते. सरकारी अहवालात तसे लिहून मोकळे होणे सहज शक्य होते. या दांपत्याने मात्र प्रश्नच उलटा केला, आणि जे थांबविता येत नाही ते नेमून दिलेल्या जागी, नेमून दिलेल्या प्रमाणात घडविता येईल काय, असे विचारले. 1943 साली त्यांनी कंडेन्सर आणि रोध यांच्या साध्या जोडणीवर चालणारी, ठिणग्यांनी धातू कोरण्याची रीत सिद्ध केली. 1946 साली त्यांस स्टालिन पारितोषिक मिळाले. पुढे बोरीस लाझारेंको मोल्दाव्हियातील किशिनेव येथे गेले आणि तेथील उपयोजित भौतिकीच्या संस्थेचे संचालक झाले. नतालियाबाईंचे नाव बऱ्याच पुस्तकांत पतीच्या नावामागे एका आद्याक्षरापुरते उरले आहे. हा न्याय मला कधी पटला नाही.

त्याच युद्धकाळात अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर हे तिघे अभियंते निराळ्याच संकटात होते. अॅल्युमिनियमच्या ओतीव व्हॉल्व्हमध्ये आटे पाडताना टॅप आत मोडून बसे, आणि एका मोडक्या टॅपपायी सारी ओतीव वस्तू भंगारात जाई. टॅप आत मोडणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्यास या तिघांच्या मनःस्थितीचे वर्णन करून सांगावयास नको. त्यांनी ठिणगीने तो टॅप आतल्या आत कुरतडून काढला. पुढे स्विट्झर्लंडने ही विद्या खऱ्या अर्थाने कारखान्यात आणली: जिनिव्हाच्या शार्मी या, पाण्याच्या टर्बाइनांसाठी नाव कमावलेल्या जुन्या कारखान्याने, आणि लोकार्नोजवळच्या लोसोने येथे 1954 साली स्थापन झालेल्या आजी या कंपनीने. आपल्या मराठी कानाला हे दुसरे नाव उगाचच घरगुती वाटते. वस्तुतः ती 'औद्योगिक इलेक्ट्रॉनिकी' अशा अर्थाच्या जर्मन नावाची आद्याक्षरे होत.

तथापि या पहिल्या पिढीच्या यंत्रांनी डाय करणाऱ्याची अडचण सोडविली असे म्हणवत नाही; त्यांनी ती एक घर पुढे सरकविली. पोलादात जो आकार उतरवावयाचा त्याच आकाराचा तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड आधी घडवावा लागे, आणि ठिणगी केवळ पोलादालाच खाते असे नसून थोडीफार त्या इलेक्ट्रोडलाही खात असल्याने एका डायसाठी दोन दोन, तीन तीन इलेक्ट्रोड करावे लागत. कानस पुन्हा आलीच. पोलादाऐवजी तांब्यावर चालावयाची, इतकेच.

कुंभार चाकावरचे ओले मडके दोऱ्याने कापून वेगळे करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोऱ्याला स्वतःचा काही आकार नसतो. तो जसा ओढावा तसा कापतो. साठीच्या दशकात निरनिराळ्या देशांतील अभियंत्यांना जे सुचले ते तत्त्वतः याहून निराळे नव्हते. इलेक्ट्रोड म्हणून एक बारीक तार घ्यावी, ती उभी ताणून धरावी, आणि ठोकळाच तिच्याभोवती हव्या त्या मार्गाने फिरवावा. तार झिजते म्हणावे, तर ती एका रिळावरून सुटून दुसऱ्या टोकाला सतत पुढे सरकत राहावी, म्हणजे कामाच्या जागी नेहमी नवीच तार असेल. आकार हा आजवर हत्यारात असे. तो आता मार्गात आला, आणि मार्ग म्हणजे निव्वळ आकडे. अंकनियंत्रणाची विद्या त्याच सुमारास वयात येत होती, ही कालाची कृपा म्हणावयाची. विक्रीसाठी बनविलेले पहिले अंकनियंत्रित तारयंत्र 1967 साली सोव्हिएत संघात झाले, आणि 1969 साली आजी कंपनीने आपले यंत्र पुढे आणले. अमेरिकेत डेव्हिड ड्यूलबॉन यांच्या मंडळींनी कागदावर काढलेल्या रेषेचा प्रकाशाच्या साहाय्याने माग काढीत जाणारे यंत्र 1974 साली केले, आणि दोनच वर्षांनी ती कागदाची मध्यस्थीही काढून टाकून संगणकाच्या आज्ञेने थेट चालणारे यंत्र सिद्ध केले. नंतर जपानी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, आणि किंमत व वेग या दोन्ही बाबतींत स्विस मंडळींना स्वस्थ बसू देईनाशा झाल्या.

प्रारंभीची यंत्रे वेगाच्या दृष्टीने दयनीय होती. मिनिटाला जेमतेम दहावीस चौरस मिलिमीटर पृष्ठ कापले जाई. म्हणजे पन्नास मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यात तार तासाभरात फार तर इंचभर सरके. पुढे तांब्याच्या तारेऐवजी पितळेची आली, पितळेवर जस्ताचा मुलामा आला, विद्युत्‌स्पंदांचे नियमन सुधारले, आणि आज चांगले यंत्र मिनिटाला तीनशे चौरस मिलिमीटरांच्याही पुढे जाते. तरीही ज्याला घाई आहे त्याने या यंत्राजवळ उभे राहू नये.

मला मात्र उभे राहावयास आवडते. टाकीत पाणी असते; साधे नळाचे पाणी नव्हे, तर रेझिनमधून गाळून क्षारमुक्त केलेले, ज्यातून वीज सहजासहजी वाहत नाही असे. पाव मिलिमीटर जाडीची तार वरच्या गाइडमधून खालच्या गाइडमध्ये जाते. दोन्ही तोंडांतून पाण्याची धार तिच्या अंगावर सुटलेली असते. तार आणि पोलाद यांच्यामध्ये दोनतीन शतांश मिलिमीटरांचे अंतर असते, आणि ते अंतर यंत्र क्षणोक्षणी राखीत असते, कारण तार टेकली तर शॉर्ट होते आणि दूर राहिली तर ठिणगी पडत नाही. ठिणगी काही मायक्रोसेकंद टिकते, तिच्या पोटात आठ ते बारा हजार अंश उष्णता असते, पोलादाचा एक कण वितळून उडतो, पाणी त्यास धुऊन नेते. आणि असे सेकंदाला हजारो वेळा घडते. आपणास दिसते ती फक्त पाण्यातली एक निळसर, थरथरणारी रेघ, आणि ऐकू येतो तो एक बारीक चरचर आवाज. पोलादाला पाणी देऊन झाल्यावर त्याचा आकार पुन्हा पाण्यातच उतरावा, हा योगायोग मला प्रत्येक वेळी मौजेचा वाटतो.

आता त्या जुन्या फिटरच्या प्रश्नाकडे वळू. ठिणगीला पोलाद कठीण आहे की मऊ, हे कळतच नाही; त्यातून वीज वाहते की नाही, एवढेच ती पाहते. त्यामुळे कामाचा क्रम उलटा झाला. ठोकळा घ्यावा, तार ओवण्यापुरते एक भोक पाडावे, हार्डनिंगला पाठवावा, तो फुगो की वाको, परत आल्यावर वरखाली ग्राइंड करून सरळ करावा, आणि मग आकार कापावा. भट्टीला बिघडविण्यासारखे काही उरलेलेच नसते. ज्या विकृतीच्या भयाने डायचे तुकडे करावे लागत, ती विकृती आकार जन्मण्यापूर्वीच होऊन जाते, आणि डाय अखंड राहतो. माझ्या मते या यंत्राचे श्रेष्ठत्व त्याच्या सूक्ष्मतेत शोधणारे लोक थोडे चुकतात. चांगला ग्राइंडर सूक्ष्मतेत त्याला हार जात नसे. खरा लाभ या क्रमपालटाचा आहे, आणि बाकीचे लाभ त्याच्या पोटातून निघाले. तार ठोकळ्याला स्पर्श करीत नाही, म्हणून दाब नाही. दाब नाही, म्हणून कागदासारखी पातळ भिंतही न वाकता कापता येते. एकदा आकड्यांनी आखलेला मार्ग पंचालाही चालतो आणि डायलाही. फक्त तार रेषेच्या आत किती आणि बाहेर किती हा एक आकडा बदलला, की मोकळीक हवी तेवढी मिळते, आणि निळा लेप लावून चार दिवस घालून पाहण्याची यातायात संपते. तार तिरपी करता येते, म्हणून डायच्या खालच्या बाजूस चकती सुटून पडावी यासाठी लागणारा उतारही त्याच बसणीत निघतो. कार्बाइडही कापले जाते, सावकाश का होईना.

महाराष्ट्रात या यंत्राला पोषक भूमी आधीच तयार होती. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1966 साली टेल्को या मोटार कंपनीने पिंपरी-चिंचवडच्या माळावर, कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या आग्रहाने, मोटारींच्या आधी मोटारी घडविणाऱ्या यंत्रांचा विभाग उभारला. आकुर्डीला स्कूटरी होऊ लागल्या. या मोठ्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये हजारो तरुण तयार झाले, आणि त्यांतले कित्येक पुढे नोकरी सोडून भोसरीला गाळा घेऊन बसले. प्रथम परदेशी तारयंत्रे मोठ्यांच्या घरी आली. नंतर पुण्याच्याच इलेक्ट्रॉनिका कंपनीने स्वदेशी बनावटीची यंत्रे बाजारात आणली, आणि ती लहान गाळेवाल्याच्या आटोक्यात येऊ लागली. चीनकडून, मॉलिब्डेनमची तार ढोलावर पुढेमागे फिरवून तीच ती पुन्हा पुन्हा वापरणारी स्वस्त यंत्रेही आली. 'वायरकट' हा शब्द भोसरीच्या पाट्यांवर रंगविला गेला, आणि त्या नावाचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला: स्वतः डाय न करणारा, फक्त दुसऱ्यांचे ठोकळे चौरस मिलिमीटरच्या हिशेबाने कापून देणारा. लोखंडाच्या वजनावर किंवा तासांवर दर ठरविणाऱ्या या बाजारात क्षेत्रफळाचा भाव प्रथमच आला असावा.

तारेचा खर्च हा या धंद्यातील नित्याचा तगादा होय. पितळी तार एकदा वापरली की गेली. पाच किलोंच्या रिळात सुमारे बारा किलोमीटर तार असते, म्हणजे शनिवारवाड्यापासून सोडली तर कात्रजपर्यंत सहज पोहोचेल, आणि यंत्र ती दिवसभरात खाऊन टाकते. वापरलेली तार पोत्यात भरून पितळेच्या भावाने भंगारवाल्यास जाते. ताळेबंदात ती जमेची बाजू लहान असली, तरी पोते वजन करताना मालक जातीने हजर असतो.

हे यंत्र रात्री माणसावाचून चालते, ही त्याची आणखी एक ख्याती. परंतु ज्यांनी भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत त्यांना त्या ख्यातीची किंमत ठाऊक आहे. एका परिचिताच्या गाळ्यात, बारा तासांचे काम लावून मंडळी घरी गेली आणि पहाटे तीनला वीज गेली. सकाळी यंत्र थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू झाले, आकार बरोबर आला, मापे बरोबर आली. पण जेथे तार थांबली होती तेथे पंचाच्या अंगावर नखाला लागेल न लागेल अशी एक उभी रेघ राहिली. गिऱ्हाइकाने ती पाहिली आणि माल परत केला. पोलादाचाही हट्ट सर्वस्वी गेला असे नाही: मोठ्या ठोकळ्यात पाणी देताना साचलेला ताण कापताना सुटतो आणि कापलेली फट आपोआप मिटू पाहते, म्हणून जाणता माणूस प्रथम थोडे सोडून ओबडधोबड कापतो, ठोकळ्याला आळोखेपिळोखे देऊ देतो, आणि मग त्याच मार्गाने दोनतीनदा हलका हात फिरवितो.

आणि ठिणगीच्या मागे राहतो तो वितळून पुन्हा गोठलेला, काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा एक कठीण, ठिसूळ थर. हलक्या हाताच्या फेऱ्यांनी तो कमी होतो, सर्वथा जात नाही. आणि डाय लाखो ठोके खाऊ लागला म्हणजे तडा तेथूनच सुरू होण्याचा धोका असतो. त्या परिचिताकडे एक सत्तरीचे फिटर आहेत. मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. सारे त्यांना अण्णा म्हणतात. संगणकाच्या पडद्याकडे ते पाहत नाहीत. यंत्रातून पंच आणि डाय निघाले, की डायमधून सुटलेला ओला गाभा बाजूला ठेवून यंत्रावरचा मुलगा ती दोन्ही त्यांच्याकडे आणतो. अण्णा पंच धोतराच्या सोग्याने पुसतात, डाय खिडकीकडे धरून त्यात तो अलगद सोडतात, सभोवार सारख्या उजेडाची बारीक रेघ दिसते की नाही ते एक डोळा मिटून पाहतात. मग डबीतून ऑइलस्टोन काढतात, त्यावर तेलाचे दोन थेंब सोडतात, आणि जेथून तार गेली होती त्या कडेवरून तो दगड हळूहळू फिरवू लागतात.